गेम कार्ट्रिजची केस घेताना आधी वास घ्या

मंडळी, नवी केस दाखवायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण ती टेबलावर आपटून दाखवतो. ‘बघा, काही होत नाही!’ खरंच होत नाही. पण केस नसती तरी फारसं बिघडलं नसतं. १९८९ च्या गेमबॉयचं, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राचं, कार्ट्रिज म्हणजे जाड प्लास्टिकच्या कवचात बंद केलेली एक छोटी सर्किट पट्टी. खेळ असतो तो मास्क रॉममध्ये, कारखान्यातच चिपमध्ये पक्का केलेला. खाली पडल्याने तो पुसला जात नाही.

आपल्या हवेत कार्ट्रिजला धोका आहे तो दमटपणाचा, आणि पुष्कळदा केसचाच. म्हणून केस उघडली की आधी वास घ्या. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते बहुधा मऊ पीव्हीसी आहे. ते मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतात. लेबल चिकट होतं, त्याची शाई पारदर्शक कप्प्याला लागते. प्लास्टिकवर त्रिकोणात आकडा असेल तर तो वाचा: ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मी ५ घेतो. त्याची पातळ बिजागरी हजारो वेळा दुमडली तरी तुटत नाही. दिसायला देखण्या, काचेसारख्या कडक डब्यांची मात्र बिजागरीच आधी जाते.

आता आतला स्पंज. पावसाळ्यात पर्सचं रेक्झिन सोलपटतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. पॉलियुरेथेनचा स्पंजही असाच दमट हवेत विघटन पावतो. आधी चिकट होतो, मग त्याचा भुगा होतो, आणि तो भुगा कार्ट्रिजच्या तोंडात, नेमका संपर्कपट्ट्यांवर जाऊन बसतो. त्यापेक्षा ईव्हीए (चपलांच्या तळव्यात असतो तो लवचीक फोम) किंवा पॉलिइथिलीनचा फोम बरा. केसचं बाहेरचं कवच ईव्हीएचं आहे म्हणून आतलाही फोम तोच असेल असं धरू नका. दुकानदारालाही बहुतेक वेळा माहीत नसतं. म्हणून बोटाने चोळून बघा, भुगा सुटला तर नको.

रबरी पट्टी असलेली हवाबंद केस चांगलीच, पण ती जुलैत भरून बंद केली तर जुलैची हवाच आत कोंडली जाते. हिवाळ्यात, कोरड्या दिवशी भरा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका. रंग बदलणारे दाणे घेतलेत तर ते ओलीने कधी भरले ते कळतं.

बॅटरीचं काय, असं मागून कोणीतरी विचारलं. पोकेमॉन रेड, गोल्डसारख्या खेळांच्या कार्ट्रिजमध्ये नाण्यासारखी एक छोटी बॅटरी असते. सेव्ह केलेला खेळ तिच्याच जिवावर असतो. केस तिला वाचवू शकत नाही. उन्हात उभ्या गाडीत केस ठेवलीत तर उष्णतेने ती आणखी लवकर संपेल, एवढंच.

मापाकडे मात्र नीट बघा. गेमबॉयचं कार्ट्रिज सुमारे साडेसहा सेंटीमीटर उंच, त्यानंतरच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचं जवळपास निम्मं, आणि निन्टेंडोच्याच २०१७ च्या स्विचचं तर पोस्टाच्या तिकिटाएवढंच. एकाच केसमध्ये सगळं, असं सांगणाऱ्यांच्या कप्प्यांत छोटी कार्डं खुळखुळतात, मोठ्यांची लेबलं घासतात. भरलेली केस उघडून गादीवर उलटी करा आणि हलवा. एकही कार्ड पडता कामा नये. लहान मुलांनी गिळू नये म्हणून स्विचच्या कार्डांना कडू लेप असतो, पण सोफ्याच्या फटीला कडूगोड काय कळणार! प्रवासाला दहा-बारा कार्डांची लहान केस पुरते. सगळा संग्रह एकाच केसमध्ये भरून लोकलने नेणारे लोक मला अजून कळलेले नाहीत.

मूळ खोके ठेवायचे का? अ‍ॅडव्हान्सपर्यंतचे खोके पुठ्ठ्याचे होते. ठेवा जरूर, पण कार्ट्रिजपासून वेगळे. पुठ्ठा ओल धरतो, आणि कसरीला तो फार आवडतो.