घरगल्लीतले पाईप

ही गिरगावातली घरगल्ली. दोन चाळींच्या पाठी एकमेकींकडे, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा, आणि मान वर केली की नुसते पाईपच पाईप. चाळ 1940 च्या आधीची, म्हाडाच्या हिशोबात ए कॅटेगरीची, म्हणजे सगळ्यात जुन्या गटातली, सेस बिल्डिंग (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी). काळे दिसतायत ते बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे पाईप. तागाचा दोर ठासायचा आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं, असे जॉइंट करायचे तेव्हा, आणि काम इतकं पक्कं की पाईपाला पापुद्रे सुटले तरी यातले कितीतरी जॉइंट अजून धरून आहेत.

आता हा पिंपळ बघा. पक्ष्याच्या विष्ठेतून बी आलं, जॉइंटच्या फटीत रुजलं. बाहेर चारच पानं म्हणून कोणी लक्ष देत नाही. जमिनीखाली तर चिनी मातीचे पाईप, जॉइंट सिमेंटचे, ते तडकले की केसासारखी बारीक मुळं आत शिरतात आणि मग फडकी, पॅड, स्वयंपाकघरातलं तेलकट सगळं त्यातच अडकत जातं.

प्लंबरकाकांनी गटाराच्या चेंबरची झाकणं उघडली. वरचं चेंबर तुडुंब, पुढचं कोरडं, म्हणजे ब्लॉक मधल्या तुकड्यात. बांबूची पट्टी सरकवली, थोडी गेली आणि अडली. मग स्प्रिंग मशीन, तोंडाला कटर, फिरवत फिरवत आत.. आणि हे आलं बाहेर, हातभर मुळांचा झुपका! माणूस कुठेही आत उतरला नाही, सगळं वरून झालं, आम्हाला हेच दाखवायचं होतं. सेफ्टीच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी उतरवतात, गॅसने माणसं जातात, 2023 ला सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख केली.

ॲसिड ओतू नका. ते बीड खातं, सिमेंट खातं, आणि उरलेलं ॲसिड झाकण उघडणाऱ्याच्या अंगावर उडतं.

फुटलेल्या तुकड्याच्या जागी नवा पीव्हीसी बसतोय. मिस्त्री दोरी धरून उतार बघतोय, चार इंची पाईपाला दहा फुटांत तीन इंच. उतार कमी पडला की मैला जागेवरच बसतो, परत तेच रडगाणं.

पावसाळ्याआधी सगळी चेंबर उघडून बघा. पिंपळ वरून छाटू नका, लहान असतानाच मुळासकट काढा. आणि कमिटीची मीटिंग रंगकामावर चालली असेल तर आधी पाईपांचं एस्टिमेट मागवा, रंग पुढच्या वर्षी.