ताण संपल्याचे शरीराला कळवावे लागते

‘ताण घेऊ नका’ हा सल्ला आपण सर्वांनी ऐकला आहे आणि तो ऐकून कोणाचा ताण उतरल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. संकटाची चाहूल लागताच अॅड्रेनॅलिन हे संप्रेरक स्रवते, नाडी वेग घेते, स्नायू ताठरतात. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी होणारी ही तयारी अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी गेल्या शतकाच्या आरंभी वर्णिली. पुढे १९३६ मध्ये ताणाचे अभ्यासक हान्स सेली यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की इजा थंडीची असो वा विषाची, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच ठरावीक वळणाचा असतो. आपली अडचण अशी की वरिष्ठांच्या संदेशाने उठलेली ही तयारी वापरलीच जात नाही, कारण आपण ना लढतो ना पळतो, खुर्चीत बसून राहतो.

म्हणून ज्या सवयींविषयी मी बोलणार आहे, त्या संकट टळल्याचा निरोप शरीरापर्यंत पोचवणाऱ्या आहेत.

त्यांत श्वासाला मी पहिले स्थान देतो. हृदयाची गती आपल्या हुकमाने कमी होत नाही, श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही वळतो. श्वास घेताना नाडी किंचित वाढते आणि सोडताना व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावामुळे मंदावते. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घेतल्यास हा फरक अनेकांना स्वतःलाच जाणवतो. विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर अशी लय धरली की ही संख्या सहावर येते आणि मंदावण्याचा काळ लांबतो. पाच मिनिटे पुरेत. मात्र दीर्घ श्वास म्हणजे छाती फुगवून जोराने हवा ओढणे नव्हे. तसे केल्यास चक्कर येते आणि लोक श्वसनालाच दोष देतात.

चालण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको, कारण उठलेली तयारी खर्च करण्याचा तो सरळ मार्ग आहे. संध्याकाळच्या कॉफीबद्दल मात्र सांगतो: कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सहाची कॉफी अकरा वाजताही अर्धी शिल्लक असते आणि अपुऱ्या झोपेनंतरचा दिवस अधिकच बोचतो.

राहता राहिले अंथरुणावर पडताच आठवणारे उद्याचे काम. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी उरकलेली कामे लिहिली, तर काहींनी करायची राहिलेली. समाधान पहिल्या गटाला मिळाले असेल असे आपल्याला वाटते, पण दुसरा गट सरासरी नऊ मिनिटे लवकर झोपी गेला, आणि त्या गटात यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर लागली. तेव्हा वहीत ‘अहवाल’ असे मोघम न लिहिता ‘अहवालाचे दुसरे पान, सकाळी दहा वाजता’ असे लिहावे, आणि वही शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावी.