सागरेश्वरच्या चितळाचा फोटो

कृष्णाकाठचा ऊस मागं टाकून देवराष्ट्र्याकडे वळलं, की सागरेश्वरचे डोंगर दिसू लागतात. सांगली जिल्ह्यातलं हे अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं. एकेकाळी हे डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसं कामाला लागली, झाडं लावली, हरणं आणून सोडली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. इथं दिसणाऱ्या प्रत्येक चितळामागं कुणाची तरी मेहनत आहे, हे फोटो काढणाऱ्यानं विसरू नये.

कोवळ्या उन्हात चितळं उघड्यावर चरतात. आपल्याकडून वारा त्यांच्याकडे जात असेल, तर कळप आधीच सावध होतो. एखादी मादी मान वर काढते, कान टवकारते, पुढचा पाय जमिनीवर आपटते. पाय आपटला, की जागच्या जागी थांबायचं. फोटोसाठी जनावराला पळवणं मला अजिबात मान्य नाही.

फोकस डोळ्यावर. चरताना मान सतत हलते, म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा (१/५००) कमी नको. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवावा; फोटो दाणेदार झाला तरी चालेल. दाणेदार फोटो सावरता येतो, हललेला सावरत नाही. फाईल मात्र रॉच हवी, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली, प्रक्रिया न केलेली.

आता एडिटिंग. ही मूळ फाईल पाहा. पानांतून झिरपलेल्या उजेडानं अंगावर हिरवट झाक चढली आहे. टिंट, म्हणजे हिरव्या-मॅजेंटा छटांचा तोल, किंचित मॅजेंटाकडे (जांभळट गुलाबीकडे) सरकवला, की तांबूस रंग परत येतो. पाठीवरचे पांढरे ठिपके उन्हात फटफटीत दिसतात. हायलाइट्स, म्हणजे फोटोतले उजळ भाग, खाली आणल्यावर त्यांतले केस दिसू लागतात. फोटो काढतानाच ते जळून, म्हणजे पार पांढरे होऊन, गेले असतील, तर पुढं काही उपाय नाही.

या नराची शिंगं बघा. चितळाची शिंगं दरवर्षी गळतात, नवी येतात. नव्या शिंगांवर मऊ लव असते, टोकं बोथट असतात. सगळ्या फोटोची क्लॅरिटी (बारकावे ठळक करणारी सेटिंग) एकदम वाढवली, तर ती लव वाळक्या फांदीसारखी खरबरीत दिसते. म्हणून मास्क लावून, म्हणजे ठरावीक भागच निवडून, शिंगं वगळायची आणि डोळा तेवढा जरासा उजळायचा.

गवताला हात लावायचा नाही. मे महिन्यात सागरेश्वरचं गवत पिवळं असतं, कुसळं पायात टोचतात. त्याला हिरवं केलं, की उन्हाळा पुसला जातो, आणि पाणवठ्याकडं निघालेल्या कळपाची ओढच कळत नाही.

मागं ही कुंपणाची तार दिसते. एका क्लिकवर ती जाईल. वन्यजीव छायाचित्रांच्या मोठ्या स्पर्धांत अशी खाडाखोड चालत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. तारेपलीकडं शेतं आहेत. हरणं पिकात शिरली, की शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि तार ओलांडलेल्या हरणालाही कुत्र्यांचा, गाड्यांचा धोका असतो. हा नर नेमका तारेला लागून उभा आहे, कान शेताकडं वळलेले. त्यामुळं हा फोटो तारेसकटच ठेवलाय.