पोटरीपासून मेंदूपर्यंत

मुंबईच्या गल्ल्यांत मोठ्या माणसाला कुत्रा चावतो तो बहुधा पोटरीला. लहान मुलाची उंचीच कमी असल्यामुळे त्याच्या हाताला किंवा चेहऱ्याला दात लागण्याची भीती अधिक. रेबीजमध्ये हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण त्याचा विषाणू रक्तातून नव्हे, तर मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो, आणि ही वाट जितकी आखूड तितका उपचाराला वेळ कमी.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीसारखा दिसणारा हा विषाणू अवघ्या ५ प्रथिनांवर आपला सगळा कारभार चालवतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून तो जखमेत उतरतो, स्नायूत रेंगाळतो, आणि तिथे पोचलेल्या मज्जातंतूच्या टोकात शिरून, पेशीची स्वतःची जी वाहतूक टोकाकडून केंद्राकडे अखंड चाललेली असते, तिच्यावरच स्वार होतो. बहुतेकांमध्ये या प्रवासाला १ ते ३ महिने लागतात. क्वचित आठवडाभरात लक्षणे दिसतात, तर क्वचित वर्ष उलटते. तोवर जखम भरून आलेली असते आणि माणूस रोजची लोकल पकडून कामाला जात असतो.

मेंदूत वाढलेला विषाणू मज्जातंतूंच्याच वाटेने लाळग्रंथींत उतरतो. तोंडात लाळ साचते, पण गिळू पाहताच घशाचे स्नायू असे आवळतात की पुढे नुसता पाण्याचा पेला पाहूनही रुग्ण दचकतो, आणि पंख्याचा वारासुद्धा त्याला सोसवत नाही. दोन झटक्यांच्या मध्ये तो पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो, नातेवाइकांशी नीट बोलतो. या रोगातले सर्वांत क्रूर काही असेल तर ते हेच. काही रुग्णांमध्ये मात्र पाण्याची भीती दिसतच नाही, हातपाय हळूहळू लुळे पडत जातात आणि निदान चुकते. एकदा लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो.

कुत्र्यातही अशीच दोन रूपे आढळतात. धावून चावणारा कुत्रा सर्वांच्या लक्षात येतो. पण दुसऱ्या रूपातला कुत्रा कोपऱ्यात मुकाट बसलेला असतो, त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आणि घशात हाड अडकले असावे अशा समजुतीने एखादा दयाळू माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून कुत्र्याच्या लाळेत विषाणू असतो, म्हणूनच चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायला सांगतात. मात्र त्या १० दिवसांसाठी लस थांबवायची नसते.

चावल्यावर पहिला उपचार घरच्या नळाखालीच होतो. विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते, ते साबणाने फुटते; म्हणून वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे जखम धुवावी. हळद, तिखट किंवा चुना भरणे टाळावे. लसीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस जातात. ती उणीव भरून काढण्यासाठी खोल जखमेत आणि तिच्या भोवती तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देतात. पोटात १४ इंजेक्शने घ्यावी लागतात ही धास्ती अजूनही ऐकू येते; ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लसीची आठवण आहे आणि ती लस भारतात २००४ नंतर वापरात राहिली नाही. आताची लस दंडात देतात आणि महापालिकेच्या रुग्णालयांत ती मोफत मिळते.

कुत्रे मारून हा प्रश्न सुटेल असे या शहराला पूर्वीही वाटले होते. १८३२ च्या जूनमध्ये भटके कुत्रे मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि मुंबईत दंगल उसळली. एका गल्लीतले कुत्रे संपवले तर रिकाम्या जागी दुसरे येतात, आणि त्यांना लस दिलेली असतेच असे नाही. याउलट, वस्तीतल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर विषाणूला पुढचे शरीर सापडणे कठीण होते. निर्बीजीकरणाच्या वेळी कुत्र्याला ही लस टोचतात आणि ओळखीसाठी त्याच्या कानाचा छोटा तुकडा कापतात. लसीचा डोस मात्र दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो, त्यामुळे कापलेला कान पाहून कुणी दवाखान्यात जायचे टाळू नये.