चांदीच्या विटा तारण

श्रोतेहो, नमस्कार.

टोळ्या, बॉम्बस्फोट, अतिरेकी असा विषय निघाला की आपण सोलापूरकर म्हणतो, ‘ते मुंबईचं बघा.’ मीही म्हणायचो. बँकेच्या काउंटरवर उभं आयुष्य गेलं, आता म्हणवत नाही.

1993 सालचं आठवा. 12 मार्चला मुंबईत दुपारभर स्फोट होत राहिले, 257 माणसं गेली. पण सुरुवात जानेवारीतच झाली होती, रायगडच्या किनाऱ्यावर. दिघीला चोरटा माल उतरला. गाड्या वाटेत पोलिसांनी अडवल्या आणि सोडूनही दिल्या. लाच ठरली होती, रोकड कमी पडली, म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या. म्हणजे तारण! आमच्या कर्जखात्यातला शब्द, पण दुसरा सुचत नाही. पुढच्याच महिन्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलं. त्या किनाऱ्याला चोरटी चांदी काही नवी नव्हती. होड्या होत्या, माल वाहणारे होते, डोळेझाक करणारे होते. अतिरेक्यांना नवीन काही उभारावंच लागलं नाही, तस्करांची वाट तयार होती.

टोळ्यांसाठी राज्यानं 1999 मध्ये मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, आणला. केंद्रानं 2013 पासून, अर्थव्यवस्था पोखरायच्या हेतूनं हुबेहूब खोट्या नोटा खपवणं हेही दहशतवादी कृत्यांत धरलं. कायदे बरेच झाले. पण ती वाट आता किनाऱ्यावरच असते असं नाही. हवालावाला असतो, दुसऱ्याच्या नावावरचं सिमकार्ड असतं, आणि भाड्यानं घेतलेलं बँक खातं असतं.

हे शेवटचं मी माझ्या काउंटरवर पाहिलं. पूर्व भागातला यंत्रमागावरचा पोरगा, बोटांना अजून सुताचा कापूस चिकटलेला. पगार हातात दहा-बारा हजार, आणि खात्यात आठवड्याला लाखांची ये-जा. विचारलं, ‘एटीएम कार्ड कुठंय रे?’

‘एका दोस्ताकडं, साहेब. महिन्याला दोन हजार देतो.’

‘दोस्ताचं नाव?’

नाव त्याला सांगता येईना. चहाच्या गाड्यावरची ओळख. पैसा जुगाराचा, फसवणुकीचा की आणखी कशाचा, त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी खातं गोठवायचा कागद भरायला घेतला, तसा तो पुढं वाकून हळूच म्हणाला, ‘साहेब, ह्या महिन्याचे दोन हजार तेवढे मिळतील ना?’