बेकेट वाचताना कंस गाळू नका

आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेट वाचायचा म्हटलं की हात आधी त्याच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ नाटकाकडे जातो, आणि थोड्याच पानांत पुस्तक मिटतं. तिसरी घंटा झाली की काहीतरी घडणार, मध्यंतरात वडा खाताना पुढच्या अंकाचा अंदाज बांधायचा, ही शिवाजी मंदिरातली आपली सवय. ती मोडायला गोदो ही पायरी फार उंच आहे. सुरुवात १९५८च्या ‘क्रॅप्स लास्ट टेप’पासून करा. एक माणूस, एक टेबल, एक टेपरेकॉर्डर.

क्रॅप ६९ वर्षांचा. दर वाढदिवसाला तो स्वतःचा आवाज टेप करतो. आज तो ऐकतोय ती ३९व्या वर्षीची टेप. आणि त्या टेपमधला क्रॅप नुकतीच आणखी दहा-बारा वर्षं जुनी टेप ऐकून बसलाय. म्हणजे एकाच माणसाची तीन वयं. याला स्वगत म्हणू नका, हा संवाद आहे. पेन्सिल घ्या आणि समासात टेपचं वाक्य कुठलं, म्हाताऱ्याचं कुठलं, अशा खुणा करा.

मग हसण्यावर नजर ठेवा. टेपमधला क्रॅप तरुणपणीच्या संकल्पांची टर उडवतो, तिथे दोघंही हसतात. पुढचा संकल्प दारू कमी करण्याचा. तिथे म्हातारा एकटाच हसतो. का? टेप लावण्यापूर्वी तो आत जाऊन आलाय आणि बूच उडाल्याचा आवाज आपण ऐकलाय. तो आवाज संवादात नाही, कंसातल्या रंगसूचनेत आहे. कंस गाळून वाचणाऱ्याला हा विनोद कळतच नाही.

पहिलीच सूचना बघा: काळ, भविष्यातली उशिराची संध्याकाळ. यात गूढ वगैरे काही नाही. १९५८मध्ये टेपरेकॉर्डर नवा होता, तीस वर्षांपूर्वीची टेप कुणाकडे असणार? साधा हिशेब. बेकेटमध्ये प्रतीक शोधण्याआधी असा हिशेब शोधावा.

वाचन मोठ्याने, घरी, दार लावून. विरार लोकलमध्ये नको, तिथे विराम ऐकू येत नाहीत. ‘पॉज’ आला की थांबा, मनात तीनपर्यंत मोजा.

दुसरं ‘फुटफॉल्स’, १९७६चं. एक बाई मीटरभर रुंदीच्या पट्ट्यावर नऊ पावलं जाते, वळते, नऊ पावलं येते. आईचा आवाज पावलं मोजतो. हे चालूनच वाचा. वन रूम किचनमध्ये नऊ पावलं सरळ मिळायची नाहीत, चाळीच्या गॅलरीत मिळतील. पावलांचा आवाज हाही संवादच आहे. बसून वाचलंत तर निम्मं नाटक हातातून जातं.

आता गोदो. पॅरिसमध्ये ५ जानेवारी १९५३ला पहिला प्रयोग झाला. दोन भटके एका झाडापाशी गोदो नावाच्या कुणाची तरी वाट बघतात, तो येत नाही. गोदो म्हणजे गॉड का, हा प्रश्न बाजूला ठेवा. नाटक मुळात फ्रेंचमध्ये लिहिलंय आणि फ्रेंचमध्ये देवाला ‘द्यू’ म्हणतात. त्यापेक्षा वहीत दोन रकाने पाडा, अंक पहिला आणि दुसरा. उघडं झाड, दुसऱ्या दिवशी त्याला चार-पाच पानं. वाटेत भेटणारा मालक पोझो आधी डोळस, मग आंधळा. त्याचा नोकर लकी, त्याचं ते विरामचिन्हांशिवायचं लांबलचक भाषण, मग तो मुका. दोन्ही अंक त्या दोन भटक्यांच्या एकाच बोलण्यावर संपतात: निघायचं का, हो, निघू या. फक्त विचारणारा बदलतो. आणि खाली कंसात, दोन्ही वेळा: ते हलत नाहीत.