बलराज साहनी : शंभू महतो ते सलीम मिर्झा

मुंबईच्या जोगेश्वरीत तेव्हा उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या भय्यांची मोठी वस्ती होती. म्हशी पाळायच्या आणि घरोघरी दूध घालायचे, हा त्यांचा व्यवसाय. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मधील शंभू महतोची भूमिका मिळाल्यावर बलराज साहनी या वस्तीत जाऊन बसू लागले. ही माणसे चालतात कशी, बसतात कशी, डोक्याला गमछा कसा गुंडाळतात, हे ते बारकाईने टिपून घेत. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून इंग्रजीत एम. ए. झालेल्या आणि चार वर्षे लंडनमध्ये राहून आलेल्या माणसाला उकिडवे बसण्यापासून शिकणे भाग होते. हे शिकावे लागते याची त्यांना जाण होती आणि तिथेच त्यांच्या अभिनयाचे मूळ आहे, असे आम्हाला वाटते.

१ मे १९१३ रोजी रावळपिंडीत त्यांचा जन्म झाला. ‘तमस’ या कादंबरीचे लेखक भीष्म साहनी हे त्यांचे धाकटे भाऊ. बलराज यांनी शांतिनिकेतनात अध्यापन केले, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात काम केले आणि नंतर लंडनला बीबीसीच्या हिंदुस्थानी विभागात निवेदक म्हणून नोकरी केली. मायदेशी परतल्यावर ते इप्टाच्या, म्हणजे भारतीय जननाट्य संघाच्या चळवळीत आले आणि बंगालच्या दुष्काळावरील ‘धरती के लाल’ या १९४६ च्या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. पुढच्याच वर्षी त्यांची पत्नी, अभिनेत्री दमयंती यांचे निधन झाले. ‘हलचल’चे चित्रीकरण सुरू असताना तर साम्यवादी चळवळीतील सहभागामुळे ते स्वतःच कैदेत होते. परवानगी काढून त्यांना तुरुंगातून चित्रीकरणाला आणले जाई, आणि पडद्यावर ते भूमिका करत होते तुरुंगाधिकाऱ्याची.

एवढे सोसलेला हा माणूस सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर मात्र ताठरून जात असे. कलकत्त्यात ‘दो बिघा जमीन’साठी रिक्षा ओढतानाही आपल्याला हे जमणार नाही, या विचाराने ते खचले होते. तेव्हा एक रिक्षावाला त्यांच्याजवळ आला आणि हे काय चालले आहे, म्हणून चौकशी करू लागला. साहनींनी त्याला चित्रपटाची कथा सांगितली, तसे त्याचे डोळे भरून आले. बिहारमधली त्याची स्वतःची जमीन जमीनदाराकडे गहाण पडलेली होती आणि ती सोडवण्यासाठी तो पंधरा वर्षे कलकत्त्यात रिक्षा ओढत होता. ही तर माझीच कहाणी, असे म्हणत तो निघून गेला. त्यानंतर आपण अभिनयाच्या सिद्धांतांचा विचार सोडून दिला आणि त्या माणसाचा जीवच स्वतःत उतरवून घेतला, असे साहनींनी आत्मकथनात नमूद केले आहे.

चित्रपटाचा शेवट आठवून पाहावा. शंभूच्या जमिनीवर आता कारखाना उभा राहतो आहे. कुंपणापाशी वाकून तो मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी त्याला हटकतो. त्याची मूठ उघडते, माती खाली पडते. साहनी इथे रडत नाहीत की आवाजही चढवत नाहीत. हरलेल्या माणसाच्या खांद्यांतून आणि बोटांतून सगळे काही दिसते. १९५४ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

‘सीमा’, ‘अनुराधा’, ‘हकीकत’ असे चित्रपट पुढे येत गेले. ‘काबुलीवाला’तील रहमत आपल्या मुलीच्या हाताचा ठसा उमटलेला कागद उराशी बाळगून परमुलखात फिरतो, तर ‘वक्त’मधील लाला केदारनाथ भरल्या मैफलीत बायकोकडे पाहत गातो, दोघांचाही जिव्हाळा सारखाच खरा वाटतो. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी मातृभाषेत लिहिण्याचा आग्रह धरला होता. तो मनात ठेवून साहनींनी पुढे पंजाबीत, गुरुमुखी लिपीत, सातत्याने लेखन केले. त्यांची पाकिस्तान आणि रशियाची प्रवासवर्णने आवर्जून वाचावीत अशी आहेत.

एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’त ते सलीम मिर्झा झाले. फाळणीनंतरही आग्रा न सोडणारा हा चपलाबुटांचा कारखानदार हळूहळू एकटा पडत जातो. हवेली हातची जाते, धंदा बसतो आणि शेवटी मुलगी आत्महत्या करते. साहनींची मुलगी शबनम १९७२ मध्ये वारली होती. हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला तो प्रसंग पाहणे जड जाते. मुलीच्या मृतदेहासमोर सलीम मिर्झा हंबरडा फोडत नाही. नुसता पाहत राहतो.

या चित्रपटाच्या डबिंगमध्ये त्यांनी उच्चारलेले शेवटचे वाक्य होते, ‘इन्सान कब तक अकेला जी सकता है?’ दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे मुंबईत निधन झाले. वयाची साठ वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा अठरा दिवस उरले होते.